छत्तिसावा दिवस

व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस घरी परततो तो दिवस त्या कुटुंबात सणासारखा असतो. अंगण सारवलेले असते, मुलांनी धुतलेले कपडे घातलेले असतात आणि शेजारीपाजारी तब्येत कशी सुधारली म्हणून कौतुकाने पाहून जातात. ते कौतुक खोटे नसते. महिनाभर दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाच्या हाताचा कंप थांबतो, त्याला भूक लागते, झोप लागते, तो मुलांशी बोलू लागतो. परंतु धर्मगुरुपदाची पंचविसाहून अधिक वर्षे कुटुंबांच्या उंबरठ्यावर काढल्यानंतर आम्हांला असे वाटू लागले आहे की, खरी कसोटी त्या सणाच्या दुसऱ्या सकाळी सुरू होते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचाराचा काळ पस्तीस दिवसांचा ठरलेला आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली ते केंद्र सुरू केले. तिथे रुग्णाभोवती डॉक्टर असतात, समुपदेशक असतात, दिनक्रम असतो, कुंपण असते. छत्तिसाव्या दिवशी मात्र तोच रस्ता, तोच पार, तेच मित्र आणि शनिवारच्या मजुरीचे तेच पैसे. त्या दिवशी कोण सोबत असते, हा या लेखाचा विषय आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. हा जिल्हा कापसाचा. पीक विकले की हाती रोख पैसा येतो, आणि विकले नाही की हाती काळजी येते. दारूला दोन्ही कारणे चालतात. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, तिथे पाळीच्या कामाचा शीण आहे. रानाकडच्या वस्त्यांत मोहाच्या दारूला देवकार्यातही स्थान आहे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची 'कर' तर बऱ्याच घरांना धास्तीची वाटते. आमच्या शेजारचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा आहे. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. आमच्याही गावोगावच्या स्त्रियांनी बाटली आडवी करण्यासाठी मोर्चे काढले आहेत, उपोषणे केली आहेत. त्यांच्या धैर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु दुकान बंद करणे हे एक काम आहे आणि माणूस बरा करणे हे दुसरे. पहिले झाले म्हणजे दुसरे आपोआप होते, असे समजू नये.

याचे अत्यंत दुःखद प्रत्यंतर आमच्या जिल्ह्याने पाहिले आहे. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद असताना वणी येथे हात निर्जंतुक करण्याचे सॅनिटायझर प्यायल्याने सात माणसे मृत्युमुखी पडली. वर्तमानपत्रे वाचून अनेकांनी त्यांच्या मूर्खपणाला हसून घेतले. आम्हांला हसू आले नाही. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचे शरीर दारू एकाएकी थांबली की बंड करते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. दोन-तीन दिवसांत कुणाला झटके येतात, कुणाला भास होऊ लागतात, आणि वेळीच उपचार न मिळाल्यास प्राणही जातो. त्या अवस्थेतील मनुष्य हाताला लागेल ते पितो. म्हणून प्रत्येक कुटुंबाला आमचे पहिले सांगणे असे की, फार पिणाऱ्याला खोलीत कोंडून अचानक दारू तोडू नका. आधी डॉक्टरांकडे न्या.

आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांची हकीकत येथे सांगावयाची आहे. त्यांनी तशी परवानगी दिली आहे. नाव मात्र आम्ही देणार नाही. चाळिशी उलटलेले हे गृहस्थ व्यवसायाने गवंडी. हातात कसब असे की त्यांनी बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावून पाहण्याची गरज पडू नये. पण शनिवारी मजुरी मिळाली की रविवारच्या मिस्साला त्यांची जागा रिकामी. दुसऱ्या शहरातील एका केंद्रात उपचार घेऊन ते परतले, त्या आठवड्यात त्यांच्या पत्नी धर्मगुरुनिवासात आल्या. बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळीत त्या बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "फादर, तिथं तं त्यायले चांगलं केलं. आता घरी आले. आता पुढं काय करावं जी?"

या प्रश्नाला देण्याजोगे पारंपरिक उत्तर आमच्यापाशी होते, ते म्हणजे क्रूसासमोर शपथ. ख्रिस्तसभेत या शपथेचा इतिहास मोठा आहे. आयर्लंडमधील कॉर्क येथे फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ साली मद्यत्यागाची शपथ देण्यास आरंभ केला आणि काही वर्षांत लक्षावधी लोकांनी ती घेतली. पुढे दुष्काळ आला, फादरांची प्रकृती ढासळली आणि त्या चळवळीची लाट ओसरली. डब्लिनचे मजूर मॅट टॅल्बट यांनी १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, शपथ घेतली; आणि ती आजन्म नव्हे, तर केवळ तीन महिन्यांची. मग सहा महिन्यांची. त्यानंतर जन्माची. १९२५ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती पाळली आणि १९७५ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'आदरणीय' ही पदवी दिली. शपथेने माणसे तरली आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला एक गोष्ट स्पष्टपणे शिकविली गेली होती : गंभीर पापाला विषय गंभीर लागतो, पूर्ण जाणीव लागते आणि पूर्ण संमती लागते. व्यसन नेमके त्या तिसऱ्या ठिकाणी, संमतीच्या मुळाशी, वाळवीसारखे लागते. ज्या इच्छाशक्तीच्या बळावर शपथ पाळावयाची, तीच आजारी असते. मोडलेल्या पायाच्या माणसाला चालण्याची शपथ देऊन भागत नाही. त्याला कुबडी लागते, आणि काही काळ दुसऱ्याचा खांदा लागतो.

असा खांदा देणारी मंडळी जगात आहेत, हे आम्ही वाचून जाणून होतो. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' म्हणजे निनावी मद्यपींची संगत, थोडक्यात 'ए. ए.'. मुंबईत हे कार्य १९५७ साली सुरू झाले. परंतु मुंबईत काय आहे ते सांगून यवतमाळ जिल्ह्यातील गवंड्याचा गुरुवार निभत नाही. त्याला एस. टी.ने जाता येईल आणि रात्री परत येता येईल अशी खोली हवी होती. ती शोधण्यास आम्हांला तीन आठवडे लागले. या संघटनेच्या पाट्या चौकात लागत नाहीत, तिची जाहिरात नसते आणि सभासदांची यादी कुणी देत नाही. निनावीपण हा तिचा कणाच आहे. आम्ही सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना विचारले, केंद्राच्या समुपदेशकांना विचारले, नागपूरला दूरध्वनी केला. तिथून एक क्रमांक मिळाला, त्या क्रमांकावरून दुसरा. अखेर एका अनोळखी गृहस्थांनी अत्यंत आपुलकीने सांगितले की, आपल्याच जिल्ह्यातील एका मोठ्या गावी, शाळेच्या एका खोलीत, दर गुरुवारी संध्याकाळी बैठक भरते. मग ते म्हणाले, "तुम्ही त्यांना पाठवू नका, फादर. तुम्ही त्यांना घेऊन या."

या शोधाच्या काळात आम्हांला या संघटनेच्या जन्माची कथा वारंवार आठवत होती. मे १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचे शेअरबाजारातील एक गृहस्थ कामानिमित्त अमेरिकेतील ॲक्रन शहरी आले होते. दारू सोडून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले, खिशात पैसे नव्हते आणि हॉटेलच्या दालनात एका बाजूला मद्यशाळेतून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूला दूरध्वनी होता आणि शहरातील चर्चेसची यादी. त्यांनी यादीतील एका धर्मगुरूला दूरध्वनी केला आणि एखाद्या दारुड्याशी आपली गाठ घालून द्या, अशी विचित्र विनंती केली. ते धर्मगुरू वॉल्टर टंक्स. ते काही कॅथलिक नव्हते. एपिस्कोपल पंथाचे होते. त्यांनी प्रवचन दिले नाही; काही नावे आणि क्रमांक दिले. त्यांतूनच विल्सन यांची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटांची वेळ दिली होती. दोघे कित्येक तास बोलत बसले. एका मद्यपीने दुसऱ्या मद्यपीशी मोकळेपणाने बोलावे, यातून आज सुमारे १८० देशांत पसरलेले हे कार्य उभे राहिले. त्या धर्मगुरूचे त्यातील काम एवढेच की, त्याला पत्ता ठाऊक होता. आम्हां धर्मगुरूंना हे काम लहान वाटू नये.

ठरल्याप्रमाणे एका गुरुवारी आम्ही दोघे एस. टी.ने निघालो. वाटेत गृहस्थ एकदाच बोलले. "मी काई बोलनार नाई हां फादर. नुसता बसीन." आम्ही म्हणालो, "तुम्ही बसा. तेवढे पुरे आहे." गावी उतरल्यावर शाळा सापडेना. कोपऱ्यावर चहाची टपरी होती. आम्ही पत्ता विचारू लागलो, तोच त्यांनी आमच्या झग्याची बाही ओढली. भर बाजारात तो प्रश्न विचारला जावा, हे त्यांना सोसवत नव्हते. चहावाल्याने आमच्याकडे पाहिले, त्यांच्याकडे पाहिले आणि काही न विचारता हात केला : "मागच्या दारानं जा. लाइट लागला आहे."

दाराशी आम्ही थांबलो. अशा बैठका दोन प्रकारच्या असतात. बंद बैठकीत केवळ मद्यपींनाच प्रवेश. खुल्या बैठकीत आप्त, डॉक्टर, धर्मगुरू यांनाही बसता येते. त्या दिवशीची बैठक बंद होती. दारात आलेल्या गृहस्थांनी आमच्या जोडीदाराचा हात हातात घेतला, आम्हांला नम्रपणे नमस्कार केला आणि दार लोटून घेतले. त्यानंतरचा दीड तास आम्ही एस. टी. स्थानकाच्या बाकावर जपमाळ करीत काढला. ज्याला आम्ही बाप्तिस्म्यापासूनच्या सर्व संस्कारांत साहाय्य करू शकतो, त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या लढाईच्या दाराबाहेर आम्हांला थांबावे लागते, हा विचार प्रथम विचित्र वाटला. मग शुभवर्तमानातील ती कथा आठवली. कफर्णहूमच्या घरी गर्दी एवढी की दारातून वाट नाही. तेव्हा चौघांनी पक्षाघाती मनुष्याला बाजेसकट छपरावर नेले, छप्पर उसकले आणि त्याला येशूपुढे खाली सोडले. संत मार्क सांगतो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. वाहून आणणाऱ्यांचा विश्वास! त्या चौघांची नावे कुणालाही ठाऊक नाहीत. तेही निनावीच.

पुढे खुल्या बैठकींना आम्ही अनेकदा बसलो. तिथे कोण होते आणि कोण काय बोलले हे आम्ही सांगणार नाही. पापनिवेदनाची गुप्तता पाळणाऱ्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. रीत मात्र सांगण्याजोगी आहे. दहा-बारा खुर्च्या, एक टेबल, चहाची किटली. व्यासपीठ नाही, साहेब नाही. अध्यक्षपद पाळीपाळीने. प्रत्येकजण पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असे स्वतःच्या तोंडाने म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो. दुसऱ्याला उपदेश करीत नाही, कुणी मध्ये बोलत नाही. सभासद होण्यास शुल्क नाही, जात नाही, धर्म नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. शेवटी एक पिशवी फिरते. ज्याला जमेल त्याने तीत टाकावे, कारण बाहेरची देणगी ही मंडळी घेत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिथे जन्माची शपथ कुणी मागत नाही. आजचा दिवस प्यायचे नाही. उद्याचे उद्या. मॅट टॅल्बटच्या तीन महिन्यांच्या शपथेतही हेच शहाणपण होते.

त्यांच्या बारा पायऱ्या वाचताना कॅथलिक मनाला ओळखीची चाहूल लागते. आपण हतबल झालो हे मान्य करणे, परमेश्वराच्या हाती आयुष्य सोपविणे, सदसद्विवेकाची झडती घेणे, परमेश्वरापुढे आणि एका माणसापुढे अपराध उघड करणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे. सेंट लुईसचे येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग यांना या पायऱ्यांत संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेशी साम्य दिसले, आणि १९४० साली एका पावसाळी रात्री ते बिल विल्सन यांना भेटावयास गेले. ते स्वतः मद्यपी नव्हते. तरी अखेरपर्यंत त्यांचे मित्र राहिले. ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांनी १९३९ साली डॉ. बॉब यांच्याबरोबर मद्यपींना दाखल करून घेण्यास सुरुवात केली. त्या काळी इतर रुग्णालये अशा रुग्णांना दारातूनच परत पाठवीत. घरी जाणाऱ्या प्रत्येकाला त्या येशूच्या पवित्र हृदयाचे लहानसे पदक देत आणि बजावीत : पुन्हा प्यावेसे वाटले तर आधी हे मला परत आणून द्यायचे. आपल्याकडेही फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून 'कृपा फाउंडेशन'चे कार्य सुरू केले, ते देशभर वाढले. तेव्हा ही वाट ख्रिस्तसभेला परकी आहे, असे कुणी मानू नये. आणि ती केवळ ख्रिस्ती माणसांची आहे, असेही मानू नये. त्या खोलीत प्रत्येकजण परमेश्वराला आपापल्या नावाने हाक मारतो.

मराठी माणसाला हे तत्त्व एका नाटकाने उलट बाजूने फार पूर्वीच दाखविले आहे. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त सुधाकराचा नाश एकटी बाटली करीत नाही. तळीराम असतो, आणि तळीरामाचे आर्य मदिरा मंडळ असते. दारू संगतीत लागते. मग ती एकांतात सुटावी, अशी अपेक्षा आपण का धरतो? ज्या पारावर चौघे बसून प्याले, तो पार सुटल्यावर मनुष्याला बसावयास दुसरा पार हवा. ही बैठक म्हणजे तो दुसरा पार.

असे असूनही ही जादू नव्हे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आमचे गवंडी गृहस्थ सात महिने नेमाने जात राहिले. त्या वर्षी पोळ्याच्या करीला ते प्याले. चार दिवस प्याले. पाचव्या दिवशी ते आमच्याकडे आले नाहीत, घरीही थांबले नाहीत, एस. टी.त बसून थेट त्या खोलीत गेले. तिथे कुणी का म्हणून विचारले नाही. एकाने खुर्ची ओढून दिली, एकाने चहा दिला, आणि घरी निघताना दोघे त्यांच्यासोबत स्थानकापर्यंत आले. हे त्यांनी आम्हांला पंधरा दिवसांनी सांगितले, तेव्हा आम्हांला समाधान वाटले. आमच्यासमोर ते अपराधी म्हणून उभे राहिले असते. तिथे ते त्यांच्यातलेच एक म्हणून बसले. पापनिवेदनाला ते नंतर आले आणि ते पापनिवेदन उत्तम झाले, एवढेच आम्ही म्हणू. डॉ. बॉब हेदेखील विल्सन यांची भेट झाल्यावर महिन्याभरात एकदा घसरले होते. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस ही संघटना आपला स्थापनादिन मानते. पडलेल्या माणसाच्या उठण्याच्या दिवसापासून आपले वर्ष मोजणारी ही मंडळी आहेत.

वैद्यकशास्त्रानेही आता यात लक्ष घातले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात २७ संशोधने आणि १० हजारांहून अधिक रुग्ण तपासले गेले. ए. ए.च्या मार्गाला पद्धतशीरपणे जोडून दिलेल्यांपैकी शंभरात ४२ जण वर्षानंतर पूर्णपणे दारूमुक्त आढळले; अन्य मान्यताप्राप्त मानसोपचारांत हे प्रमाण ३५ होते. वाचकांनी या आकड्याच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. बेचाळीस म्हणजे आशेला भरपूर जागा. पण उरलेले अठ्ठावन्न आपलेच आहेत, आणि त्यांच्यासाठी दार उघडे ठेवावे लागते. आपल्या देशात तर दारापर्यंतही फार थोडे पोहोचतात. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार दारूच्या पाशात पूर्ण अडकलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कसला तरी उपचार मिळालेला होता.

त्या गृहस्थांच्या पत्नींचा प्रश्न निम्मा अजून उरला होता. नवरा बैठकीला जातो. बाईने काय करावे? वर्षानुवर्षे त्यांनी खिसे तपासले, बाटल्या ओतून टाकल्या, कामावर खोटे निरोप धाडले, मुलांना गप्प केले. दारू सुटली तरी ती सवय सुटेना. नवरा दहा मिनिटे उशिरा आला की त्या दारात येऊन त्याचा श्वास हुंगीत. हाही एक आजार आहे आणि त्यालाही संगत लागते. विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली कुटुंबीयांसाठी 'अल-अनॉन' ही वेगळी संघटना उभी केली. मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' आहे. आमच्या आसपास तशी बैठक नव्हती. धर्मग्रामातील एका सिस्टरांनी पुढाकार घेतला आणि आता महिन्यातून दोनदा पाच-सहा स्त्रिया एकत्र बसतात. त्यांतील तिघी कॅथलिक नाहीत. गवंड्यांच्या पत्नी एकदा आम्हांला म्हणाल्या, "आता मी त्यायचा वास नाई घेत, फादर. ते प्याले तं ते प्याले. मी जेवून घेतो."

दोन वर्षांपूर्वी या मंडळींपैकी काहींनी आमच्या गावी बैठक सुरू करण्याचे ठरविले आणि खोलीसाठी विचारणा केली. धर्मशिक्षणाची खोली शुक्रवारी संध्याकाळी रिकामी असते. धर्मग्राम समितीत या विषयावर पुष्कळ चर्चा झाली. चर्चच्या आवारात दारुड्यांची ये-जा सुरू झाली तर लोक काय म्हणतील, हा एक आक्षेप. बहुसंख्य तर आपल्या धर्माचेही नाहीत, हा दुसरा. अखेर एका वृद्ध बाई, ज्यांचा थोरला मुलगा दारूनेच गेला, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माहा पोरगा या आवारात एकदाच आला, तो पेटीतून. जिता येत असंल कोनी तं येऊ द्या." पुढे कुणी बोलले नाही. खोली दिली. मंडळींनी ती फुकट घेण्याचे नाकारले. आपला खर्च आपणच करावयाचा हा त्यांचा दंडक. महिना शंभर रुपये भाडे ते नियमाने देतात आणि पावती मागून घेतात. आमच्या चर्चचे नाव त्यांच्या बैठकीला नाही, आणि ते असू नये. किल्ली त्यांच्यापाशी असते. शुक्रवारी संध्याकाळी त्या खोलीकडे आम्ही फिरकत नाही. खुल्या बैठकीचे आमंत्रण आले तरच जातो.

वाचक कुटुंबांना काही गोष्टी सुचवून हा लेख आवरता घेतो. घरात असा आजार असेल तर तो लपविण्यात वर्षे घालवू नका. सरकारचा १४४४६ हा विनामूल्य क्रमांक आहे. जवळचे केंद्र तिथून कळू शकते. केंद्रात दाखल करतानाच, परतल्यावर कोणत्या वारी, कोणत्या गावी, कोणत्या बैठकीला जावयाचे ते विचारून ठेवा. छत्तिसाव्या दिवसाची तजवीज पहिल्याच दिवशी व्हावी. पहिल्या बैठकीला कुणीतरी सोबत जावे आणि दाराशी थांबावे. लग्नात, बाप्तिस्म्यात, नाताळात जो 'नको' म्हणतो त्याला दुसऱ्यांदा आग्रह करू नये. दोन्ही रूपांत ख्रिस्तप्रसाद दिला जातो तिथे केवळ भाकरीच्या रूपात तो घेणाऱ्याकडे कुणी वळून पाहू नये. एका रूपातही ख्रिस्त संपूर्ण असतो, ही आपली श्रद्धा आहे. धर्मगुरूंनाही हा आजार होतो, हे ख्रिस्तसभा जाणते; म्हणून अशा धर्मगुरूला महागुरुस्वामींच्या परवानगीने न आंबलेला द्राक्षरस वापरून मिस्सा अर्पण करता येते.

आणि आमच्या धर्मगुरुबंधूंना एकच विनंती. आपल्या टेबलाच्या खणात रुग्णालयाचा क्रमांक असतो, पोलिसांचा असतो, शवपेटी करणाऱ्या सुताराचाही असतो. त्यांच्या शेजारी जवळच्या बैठकीचा वार, वेळ आणि जागा लिहून ठेवावी. ती शोधण्यास आम्हांला तीन आठवडे लागले. दारात उभ्या असलेल्या बाईंपाशी तेवढे दिवस असतीलच असे नाही.